न विचारताच सांगितलेली किंमत: आलिशान दालनांत ग्राहकांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या सेवानिवृत्तीनिमित्त त्यांना एक चांगले स्विस घड्याळ घ्यावे म्हणून आपण आई-वडिलांना घेऊन साताऱ्याहून मुंबईला आलात आणि एका मोठ्या मॉलमधील घड्याळांच्या दालनात गेलात. वडिलांनी काचेमागच्या एका घड्याळाकडे बोट दाखवताच विक्रेत्याने ते बाहेरही न काढता “ते साडेचार लाखांचं आहे” एवढेच सांगितले. हे आमच्या कपड्यांमुळे झाले का, अशा दुकानांत सर्वांनाच असे वागवतात का, आणि पुन्हा तेथे जावे का, असे आपण विचारले आहे.

मुंबईतील अशा दालनांत मी आधी विक्रीचे आणि पुढे स्टोअर मॅनेजर म्हणून बरीच वर्षे काम केले, आणि आता याच व्यवसायात येणाऱ्या मुलामुलींना प्रशिक्षण देते. त्या अनुभवावरून सांगते की, होय, तो अंदाज बहुधा आपल्या वडिलांचे कपडे, पायांतील चपला आणि आपसांत बोललेली भाषा यांवरूनच बांधला गेला असणार, आणि तसे होणे सर्वस्वी चुकीचे होते. परंतु त्या विक्रेत्याचा स्वभावच वाईट, एवढ्यावर आपण थांबलात तर मूळ कारण हाती लागणार नाही. दालनाचा रोजचा हिशेब ज्या रीतीने ठेवला जातो, ती रीतच विक्रेत्याला दारातून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खिशाचा अंदाज बांधायला लावते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण अनेक ग्राहक ज्याला अपमान समजतात तो अपमान नसून कामाचा नियम असतो. घड्याळांच्या किंवा दागिन्यांच्या दालनात ट्रेवर एका वेळी एक किंवा दोनच नग ठेवले जातात, पुढचा काढण्यापूर्वी आधीचा कपाटात परत जातो, आणि सकाळी दालन उघडताना व रात्री बंद करताना प्रत्येक नगाची मोजदाद होते. खरा नग उचलून त्याच्या जागी हुबेहूब खोटा ठेवणे ही चोरीची जुनी पद्धत असल्यामुळे हा नियम मोठ्या उद्योगपतीलाही लागू असतो. हातमोजे घालून वस्तू हाताळणे, पट्ट्यावरचे संरक्षक प्लास्टिक खरेदीपूर्वी न काढणे, गर्दीच्या वेळी आतल्या विक्रेत्यांच्या संख्येइतक्याच ग्राहकांना आत सोडून बाकीच्यांना दाराशी थांबवणे, हेही त्यातलेच. दोन लाख रुपयांवरील खरेदीसाठी पॅन मागण्याचा नियम जानेवारी २०१६ मध्ये लागू झाला, आणि २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांपेक्षा अधिक किमतीची मनगटी घड्याळे, हँडबॅगा, सनग्लासेस, बूट अशा वस्तूंवर विक्रेत्याने एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा कर, गोळा करावा असा आदेश निघाला. त्यामुळे बिलाच्या वेळी कागदपत्रे मागितली जातात तेव्हा आपल्यावर संशय घेतला असे मानू नये. मोबाइल क्रमांकाचे मात्र तसे नाही. तो दिल्याशिवाय बिल होणार नाही अशी सक्ती दुकानदारांनी करू नये, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये बजावले आहे, आणि आपण तो देण्यास सौम्यपणे नकार देऊ शकता.

आपल्या बाबतीत घडले ते यांपैकी काहीच नव्हते. ग्राहकाने वस्तू दाखवा म्हटल्यावर ती बाहेर काढणे ही या व्यवसायातली पहिली पायरी आहे, आणि किंमत विचारली गेल्यावर किंवा वस्तू हातात दिल्यावरच सांगायची असते. वस्तू न दाखवता सांगितलेली किंमत म्हणजे ग्राहकाला दार दाखवण्याचा एक सभ्य वाटणारा प्रकार होय. न विचारता सर्वांत स्वस्त नगाकडे नेणे, वयस्कर माणसाला उभे ठेवून फक्त तरुण मुलाशी इंग्रजीत बोलणे, दालनभर दोन पावले मागे राहून चालणे, ही त्याचीच रूपे आहेत.

आता हे का घडते ते पाहू. परदेशी आलिशान ब्रँडांची दालने आपल्याकडे आली ती पंचतारांकित हॉटेलांच्या आश्रयाने. लुई व्हितों या फ्रेंच ब्रँडचे भारतातील पहिले दालन २००३ मध्ये दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे दालन ताजमहाल हॉटेलात उघडले. हॉटेलच्या दारातून आत येणारा माणूस तेथे येण्याची सवय असलेलाच असे, त्यामुळे दालनाच्या दारात वेगळी निवड करण्याची गरज पडत नसे. पुढे दिल्लीत डीएलएफ एम्पोरिओसारखे, मुंबईत लोअर परळच्या पॅलेडियमसारखे आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात जिओ वर्ल्ड प्लाझासारखे मॉल आले, आणि पहिल्यांदाच लोकलने उतरून आलेला, केवळ उत्सुकतेने पाहणारा, सहकुटुंब फिरायला आलेला माणूस थेट त्या काचेच्या दारापर्यंत पोहोचला. जागा बदलली, ग्राहक बदलला. पण विक्रेत्यांच्या पहिल्या पिढीने हॉटेलात घडवलेली वागण्याची पद्धत दुसऱ्या पिढीला तशीच शिकवली गेली, आणि दरवानाने करायची निवड आता विक्रेत्याच्या नजरेवर आली.

त्या नजरेला धार लावण्याचे काम आकडे करतात. बहुतेक दालनांच्या दारावर आत येणारी माणसे मोजणारे यंत्र असते. दिवसभरात आत आलेल्यांपैकी किती जणांच्या नावाने बिल झाले, त्या प्रमाणाला कन्व्हर्जन म्हणतात, आणि सकाळच्या ब्रीफिंगमध्ये काल ते किती होते याची विचारणा होते. हे गणित नीट पाहिले तर लक्षात येईल की आत येऊन काही न घेता गेलेला प्रत्येक माणूस हे प्रमाण खाली आणतो. म्हणजे ज्याला दुकानात येताना पाहून आनंद व्हायला हवा, तोच विक्रेत्याला हिशेबात तोटा वाटू लागतो. हे कोणी उघडपणे शिकवत नाही. परंतु महिनाभर रोज सकाळी तोच आकडा विचारला गेला की विक्रेता आपोआप चेहऱ्यावरून भविष्य सांगू लागतो.

त्यात पाळीची पद्धत भर घालते. अनेक दालनांत विक्रेते क्रमाने ग्राहक घेतात. आलेला वॉक-इन, म्हणजे वेळ न ठरवता आलेला ग्राहक, तुमच्या पाळीचा, तो गेला की तुम्ही रांगेच्या शेवटी. शनिवारी संध्याकाळी ज्याची पाळी ‘नुसते पाहायला’ आलेल्या कुटुंबावर खर्च झाली, त्याच्या डोळ्यांदेखत पुढचा सहकारी एखादे मोठे बिल करतो, आणि महिन्याचे टार्गेट व त्यावर मिळणारा इन्सेन्टिव्ह त्या एका पाळीने हुकू शकतो. मूळ पगार बेताचा असल्यामुळे हा इन्सेन्टिव्ह ही चैन नसते, त्यावर घराचा हप्ता अवलंबून असतो. “ते साडेचार लाखांचं आहे” हे वाक्य बहुतेक वेळा अहंकारातून येत नाही, तर ही पाळी लवकर मोकळी करून घेण्याच्या घाईतून येते. यामुळे आपल्या वडिलांना झालेले दुःख कमी होत नाही, हे मी जाणते; परंतु ज्याने ही पद्धत आखली त्याच्याकडेही बोट दाखवले गेले पाहिजे.

काउंटरच्या पलीकडच्या माणसाविषयी आणखी थोडे लिहिते, कारण त्याच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. या दालनांतील पुष्कळ मुलेमुली डोंबिवली, कल्याण, विरार, मीरा रोड येथून रोज लोकलने येतात. अंगावरचा सूट कंपनीने दिलेला असतो, केसांपासून नखांपर्यंत ग्रूमिंगची तपासणी होते, आणि जी वस्तू ते दिवसभर हाताळतात तिची किंमत त्यांच्या वर्षभराच्या कमाईहून अधिक असू शकते. ग्राहक समोर असो वा नसो, कामाची वेळ संपेपर्यंत बसायचे नाही ही अनेक दुकानांची अलिखित शिस्त असते. केरळात कापड दुकानांतील स्त्रियांनी याविरुद्ध लढा दिल्यावर २०१८ मध्ये, आणि त्यानंतर तमिळनाडूत २०२१ मध्ये, दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक झाले. दिवसभर उभ्या असलेल्या, सतत तपासल्या जाणाऱ्या माणसाला त्या दालनात स्वतःचे स्थान पक्के वाटत नाही, आणि मग तो आपल्या गावाकडच्या माणसांसारखा दिसणारा ग्राहक आला की त्याच्यापासून अंतर राखून स्वतःला सुरक्षित करतो. नव्या मुलांमध्ये हे मी वारंवार पाहते, आणि मला ते फार लागते.

अंदाज बांधणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय ते वाईट दुकानदारीचेही आहे, कारण अंदाज चुकतात. २०१३ मध्ये झुरिकच्या एका दालनात अमेरिकेच्या प्रसिद्ध दूरचित्रवाणी निवेदिका ओप्रा विन्फ्री यांनी काचेमागची एक हँडबॅग दाखवायला सांगितली, तेव्हा ती आपल्यासाठी फार महाग आहे असे सुचवून विक्रेतीने दुसऱ्या बॅगा पुढे केल्या, असे त्यांनी सांगितले. दालनाच्या मालकिणीने हा गैरसमज असल्याचे म्हटले, पण स्वित्झर्लंडच्या पर्यटन संस्थेला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. जगातील अतिश्रीमंत स्त्रियांपैकी एक समोर उभी असताना, एका काळ्या स्त्रीला ही वस्तू परवडणार नाही, असा निष्कर्ष काढला गेला होता. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, तुमकूर येथे, जानेवारी २०२२ मध्ये मोटारींच्या शोरूममध्ये एका तरुण शेतकऱ्याची अशीच हेटाळणी झाली, आणि तो तासाभरात दहा लाख रुपये घेऊन परत आला. शेवटी कंपनीला माफी मागावी लागली.

महाराष्ट्रात तर हा अंदाज अधिकच फसवा आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरले आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या पेहरावावरून त्यांच्या उलाढालीची कल्पनाही येणार नाही. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार, कोल्हापूरचा फौंड्रीमालक, मार्केट यार्डातला अडत्या हे सारे साध्या शर्टात आणि कोल्हापुरी चपलांत येतात. परंतु मी प्रशिक्षणात ही उदाहरणे सांगते तेव्हा लगेच पुढचे वाक्यही सांगते की, साधा दिसणारा माणूस लपलेला श्रीमंत असू शकतो, केवळ एवढ्यासाठी त्याच्याशी नीट वागायचे असे नाही. आपल्या वडिलांप्रमाणे ज्याने आयुष्यभर नोकरी करून, शिल्लक टाकून, एकच मोठी वस्तू घेण्याचे ठरवले आहे, त्याच्याशीही तेवढेच नीट वागायचे आहे, आणि जो काहीच घेणार नाही त्याच्याशीही. १८५२ पासून पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या मोठ्या दुकानात अरिस्तिद बुसिको यांनी वस्तूवर ठरलेली किंमत लावली आणि खरेदीची सक्ती न करता कोणालाही आत फिरण्याची मुभा दिली, नुसते पाहण्याचा हक्क हा आधुनिक दुकानाचा पाया त्या काळापासून आहे.

भाषेचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. आपण लिहिले आहे की विक्रेत्याच्या छातीवर मराठी आडनावाची पाटी होती, तरीही त्याने आपल्या आईला इंग्रजीतच उत्तर दिले. हे सर्रास घडते. अनेक दालनांत ‘ग्राहकाशी इंग्रजीतच बोलावे’ अशी सूचना असते, आणि जेथे ती नसते तेथेही मराठीत बोललो तर आपला दर्जा उतरेल अशी भीती मुलांच्या मनात असते. खरे पाहता चांगल्या घराण्यांच्या ब्रँडांचे लेखी धोरण याच्या उलट असते: ग्राहक ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत उत्तर द्यावे, आणि म्हणूनच पॅरिस व लंडनच्या दालनांत चिनी, अरबी, रशियन जाणणारे विक्रेते मुद्दाम नेमले जातात. अरब ग्राहकासाठी अरबी जाणणारा माणूस नेमणाऱ्या व्यवसायाने मुंबईत मराठी बोलणाऱ्या आईला तिच्या भाषेत उत्तर देऊ नये, याचे समर्थन कोणत्याही नियमाने होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी स्वयंचलित घड्याळाची रचना मराठीत समजावून सांगायला लावते. ‘हाताच्या हालचालीने आतली चावी आपोआप भरते’ असे सांगितल्यावर साठीच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता उमटते, ती इंग्रजी माहितीपत्रकाने उमटत नाही.

संशयाची वागणूक ही याहून गंभीर पायरी आहे. न्यूयॉर्कच्या बार्नीज या उंची दुकानात महाग पट्टा, बॅग अशी खरेदी केलेल्या तरुण काळ्या ग्राहकांना पोलिसांनी अडवल्याच्या तक्रारी २०१३ मध्ये पुढे आल्या. राज्याच्या महाधिवक्त्याने चौकशी केली आणि २०१४ मध्ये त्या दुकानाने ५,२५,००० डॉलर देऊन, तसेच बाहेरचा स्वतंत्र सल्लागार नेमण्याचे मान्य करून, प्रकरण मिटवले. आपल्याकडे असे प्रकार दारातच घडतात. जुलै २०२४ मध्ये बंगळूरच्या एका मॉलमध्ये धोतर नेसलेल्या वृद्ध शेतकऱ्याला आत सोडले गेले नाही, आणि लोकक्षोभानंतर कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवण्याचे जाहीर केले.

या व्यवसायात असा एक समज आहे की थोडा तुसडेपणा विक्रीला उपकारक ठरतो, आणि त्याला संशोधनाचा दाखलाही दिला जातो. मॉर्गन वॉर्ड आणि डॅरेन डाल यांचा २०१४ चा शोधनिबंध ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये आला होता. ज्या ब्रँडच्या वर्तुळात आपण असावे असे माणसाला मनापासून वाटते, त्याच्या विक्रेत्याने झिडकारले तर त्या माणसाची ती वस्तू घेण्याची इच्छा वाढू शकते, असे त्यांना आढळले. पण हा दाखला देणारे अर्धेच सांगतात. साध्या, सर्वांसाठीच्या ब्रँडच्या बाबतीत हा परिणाम दिसला नाही, आणि जेथे दिसला तेथेही काही काळ गेल्यावर ती इच्छा ओसरली. म्हणजे झिडकारल्याने एखादी खरेदी होईल, पण ग्राहक टिकणार नाही. मुलाच्या लग्नात, नातवाच्या बारशाला पुन्हा येणारे कुटुंब ज्याला हवे आहे, त्याने या संशोधनाचा आधार घेऊ नये.

त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की ही दालने सर्वांना सारखी वागणूक देण्यासाठी बांधलेलीच नाहीत. बेन अँड कंपनी या सल्लागार संस्थेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगातील आलिशान वस्तूंच्या विक्रीपैकी सुमारे ४० टक्के विक्री अवघ्या दोन टक्के ग्राहकांकडून झाली. या व्हीआयसी, म्हणजे अतिमहत्त्वाच्या, ग्राहकांसाठी वेगळी खोली, नवीन माल आला की आधी फोन, घरपोच दाखवणे, वाढदिवसाला फुले असे सारे असते, आणि प्रत्येक विक्रेत्याच्या क्लायंट बुकमध्ये त्यांच्या मापांपासून मुलांच्या नावांपर्यंत नोंदी असतात. जुन्या ग्राहकाला अधिक देणे यात मला गैर वाटत नाही. गैर आहे ते नव्याला कमी देणे. त्याच संस्थेने २०२४ मध्ये नोंदवले की आधीच्या दोन वर्षांत जगभरात सुमारे पाच कोटी ग्राहक या बाजारातून बाहेर पडले. वाढलेल्या किमती हे त्याचे मोठे कारण आहे. परंतु वर्षातून एकदा, काही निमित्ताने येणाऱ्या ग्राहकाला ज्यांनी किंमत नसल्यासारखे वागवले, त्यांनीही या गळतीला हातभार लावला असे माझे मत आहे.

‘उपलब्ध नाही’ या उत्तराविषयीही सांगायला हवे, कारण पुढच्या भेटीत ते आपल्याला ऐकायला मिळू शकते. काही स्विस ब्रँडांच्या मागणी असलेल्या स्टीलच्या घड्याळांचा पुरवठा खरोखरच अपुरा असतो, आणि काचेत मांडलेला नग ‘केवळ प्रदर्शनासाठी’ असतो. तेव्हा नाव नोंदवून ठेवणे एवढाच उपाय आहे. मात्र ‘आधी दुसरे काही घ्या, मग हे मिळेल’ असे सूचित केले गेले तर सावध व्हावे. एर्मेस या फ्रेंच ब्रँडच्या बर्किन बॅगेसाठी इतर खरेदी करावी लागते, असा आरोप करणारा दावा मार्च २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला होता. तो तेथील न्यायालयाने २०२५ मध्ये फेटाळला. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र एक वस्तू मिळवण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे हे निर्बंधक व्यापार प्रथेच्या व्याख्येत स्पष्टपणे येते.

चांगली विक्री कशी असते हे शिकायला आपल्या लोकांना पॅरिसला जाण्याची गरज नाही. दादरच्या किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या जुन्या साडीच्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसवून, पाणी देऊन, एकामागून एक पैठणी उलगडणारा विक्रेता आठवा. “कितीपर्यंत दाखवू?” हे तोही विचारतो, पण सांगितलेल्या किमतीच्या साड्या दाखवून झाल्यावर “ही नुसती बघा तरी” म्हणत तो सर्वांत भारी पैठणी मांडीवर टाकतो, आणि येवल्याच्या विणकराने पदरावरचा मोर कसा विणला हे आत्मीयतेने सांगतो. ती घेतली जाणार नाही हे त्याला ठाऊक असते. मी प्रशिक्षणात हेच मागते: वस्तू आधी हातात, तिची गोष्ट त्यानंतर, किंमत विचारल्यावर, आणि वयस्कर माणसाला सर्वांत आधी खुर्ची. जे मॅनेजर माझे ऐकतात त्यांनी सकाळी कन्व्हर्जनच्या जोडीला ‘काल किती जणांच्या मनगटावर घड्याळ चढवले’ हे विचारायला सुरुवात केली आहे, आणि हा एक प्रश्न बदलल्याने फ्लोअरवरचे वातावरण बदलताना मी पाहिले आहे.

पुन्हा जावे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की रागाने मुळीच जाऊ नये. ‘दाखवून देतोच’ म्हणून केलेल्या खरेदीचा लाभ बहुधा त्याच विक्रेत्याला होतो, कारण बिलावर ज्याचे नाव चढते त्याला इन्सेन्टिव्ह मिळतो. तेच घड्याळ हवे असेल तर ब्रँडच्या संकेतस्थळावरील अधिकृत विक्रेत्यांची यादी पाहा. मुंबईप्रमाणे पुण्यातही अनेक ब्रँडांचे अधिकृत विक्रेते आहेत, आणि साताऱ्याहून ते सोयीचे पडेल. जाण्यापूर्वी फोन करून मॉडेलचा क्रमांक सांगा, भेटीची वेळ ठरवा, कोण भेटणार त्याचे नाव विचारून घ्या. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळून मंगळवार-बुधवारी सकाळी गेलात तर त्याच विक्रेत्यांकडे अर्धा तास असतो. आत गेल्यावर निमित्त सांगायला संकोच करू नका. सेवानिवृत्तीची भेट आहे हे कळल्यावर कोणताही बरा विक्रेता वडिलांना मध्यभागी बसवतो. कपडे मात्र दुकानासाठी बदलू नका. ज्या मनगटावर ते घड्याळ रोज बसणार आहे, ते त्याच्या नेहमीच्या सदऱ्याच्या बाहीखाली कसे बसते हे पाहणे उलट अधिक उपयोगाचे असते. एखाद्याचे वागणे खटकले तर भांडण न करता “दुसऱ्या कोणाला पाठवाल का?” एवढे मॅनेजरला म्हणा, आणि बिल करताना ज्याने खरोखर मदत केली त्याच्याच नावावर ते करायला सांगा. दालनाच्या आतल्या जगात याहून परिणामकारक संदेश नाही.

कायद्याचा आधार किती मिळतो तेही सांगते. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) नुसार केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकानात प्रवेश नाकारता येत नाही. ‘प्रवेशाचा अधिकार राखीव’ ही पाटी त्यापुढे टिकत नाही. पेहराव त्या यादीत नाही, परंतु पेहरावाच्या आडून यांपैकीच एखादा भेद केला जात असेल तर तो प्रश्न उपस्थित करता येतो. ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ग्राहक’ म्हणजे मोबदला देऊन किंवा देण्याचे कबूल करून वस्तू घेणारा, त्यामुळे काहीच खरेदी केलेली नसताना निव्वळ उद्धट वागणुकीसाठी ग्राहक आयोगात दाद मागणे कठीण आहे. खरेदी झाल्यावर मात्र बिल न देणे, किंवा सदोष वस्तू बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे या अनुचित व्यापार प्रथा ठरतात, आणि त्यासाठी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आपल्या प्रसंगासाठी खरा उपयोगी मार्ग म्हणजे ब्रँडच्या भारतातील ग्राहक सेवा विभागाला लेखी कळवणे. अनेक दालने ब्रँडची स्वतःची नसून भारतीय विक्रेत्याने चालवलेली असतात, आणि वर्षातून काही वेळा गुप्त ग्राहक पाठवून ब्रँड त्यांची परीक्षा घेतो. त्यामुळे अशा पत्राकडे आपल्याला वाटते त्याहून अधिक लक्ष दिले जाते. पत्रात विशेषणे न वापरता तारीख, वेळ, कोणत्या काउंटरपाशी उभे होतात, कोणते मॉडेल मागितले आणि नेमके कोणते वाक्य उच्चारले गेले एवढेच लिहा. विक्रेत्याला कामावरून काढावे अशी मागणी करू नका, तर त्या दालनात वस्तू दाखवण्याविषयी काय शिकवले जाते ते विचारा. हे पत्र याच आठवड्यात पाठवा, कारण बहुतेक दालनांत कॅमेऱ्यातील चित्रण ठरावीक दिवसांनी पुसले जाते, आणि त्यानंतर मॅनेजरकडे विक्रेत्याच्या सांगण्यापलीकडे तपासण्यासारखे काही उरत नाही.